येते म्हणून गेलीस

आई,

उद्या सकाळी धाकट्याला सोडायला जायचं आहे, आणि त्याला तिथे ठेवून निघताना काय म्हणायचं ते मला ठरवता येत नाही. बाकी सगळं ठरलं आहे. त्याचे कपडे भरले. त्याची पितळी वाटी भरली, कारण दुसऱ्या वाटीत तो वरण खात नाही हे तुला माहीतच आहे. पिशवीची चेन लागली आहे ना, हे मी पुन्हा पुन्हा बघून आलो. आत्ता दुपार आहे. प्रेसमध्ये लाइट गेली आहे, कॉम्प्युटर बंद आहेत, म्हणून एका लग्नपत्रिकेच्या खराब प्रुफाच्या पाठीवर हे लिहितो आहे. धाकटा माझ्या पायाशी बसून कटिंग मशीनमधून पडलेल्या कागदाच्या पट्ट्या रुंदीप्रमाणे लावतो आहे. उद्यापासून तो इथे नसेल हे शेठना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पट्ट्या राहू दे तशाच. झाडू नकोस."

तू गेलीस तेव्हा मी या प्रेसमध्ये रात्रीचा झाडू मारत होतो. आता पत्रिका तपासतो. नववीत शाळा सुटलेल्या पोराला ऱ्हस्व-दीर्घ बघायला देतात याचं तुला हसू येईल. रद्दीवाल्याकडून तूच ती शुद्धलेखनाची पुस्तिका आणली होतीस, पाठचं पान नसलेली. म्हणालीस, "शाळा सुटली म्हणून अक्षरानंही सुटायचं का?" धाकट्याला सांभाळायला घरी कोणीतरी हवं होतं म्हणून शाळा सुटली, हे आपण दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. बाबा तर येतो-जातो काहीच न म्हणता घर सोडून गेले होते.

तू नाशिकरोडच्या खानावळीत पोळ्या करायला जायचीस. चप्पल घालता घालता म्हणायचीस, "येते हं." सगळेच तसं म्हणतात. जाते म्हणू नये हे कोणी मुद्दाम शिकवत नाही, ते जिभेवर आपोआप येऊन बसतं. धाकटा तेव्हा पाचेक वर्षांचा होता. तू गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झालीस की तो दाराशी उभा राहायचा, कडीवर हात ठेवून. मी जेवायला बोलवायचो, ओढायचो, तर डोकं चौकटीवर आपटायचा. मी मुळातच घाबरट, त्याच्या कपाळावर टेंगूळ आलं की ओढणं सोडून द्यायचो. एकदा खानावळीतलं पीठ संपलं म्हणून तू लवकर परतलीस. तो तसाच उभा होता, चड्डी ओली, पायाखाली थारोळं, हात कडीवर. मला वाटलं आता मार बसणार. तू त्याला धुतलंस, पुसलंस, आणि ओट्याला टेकून खाली बसलीस. मग म्हणालीस, "मोठ्या, हा वेडा नाही रे. मी येते म्हणते आणि उलट्या दिशेनं चालायला लागते. मग खोटं कोण बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी तू त्याच्यासमोर उकिडवी बसलीस आणि स्पष्ट म्हणालीस, "जाते. पोळ्या करते. संध्याकाळच्या बसनं येते." तो तुझ्या तोंडाकडे बघत होता, डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. तू गेलीस. त्यानं कडीवरचा हात काढला आणि सोड्याच्या बाटल्यांची बुचं घेऊन कोपऱ्यात बसला. दुपारी जेवला. मला रडू आलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही.

मग गल्लीत बोभाटा झाला. शेजारच्या काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई, भरल्या घरातून जाते म्हणतेस? अवदसा आठवली का तुला?" तू चप्पल घालत म्हणालीस, "काकू, मी रोज जाते म्हणते आणि रोज परत येते. तुमचे हे येतो म्हणून गेलेत, ते आहेत कुठे?" काका कुठे असायचे ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत, मग स्वतःच धाकट्यासाठी बुचं गोळा करून घेऊन आल्या.

तोफांचंही तू तसंच केलंस. लष्कराच्या कॅम्पात राहायचं तर तोफांचा सराव चुकत नाही. भांडी थरथरली की तो कॉटखाली शिरायचा आणि स्वतःच्या मनगटाला चावायचा. फौजी लायनीत दूध घालणाऱ्या भय्याला आज फायरिंग आहे का ते कळायचं. तू त्याला विचारून ठेवायचीस आणि सकाळीच धाकट्याला सांगायचीस, "आज तोफा आहेत. धाड होईल. मग थांबेल." कणकेचे दोन गोळे त्याच्या दोन्ही मुठींत द्यायचीस. पहिला आवाज झाला की तो मुठी आवळून म्हणायचा, "धाड होईल, मग थांबेल," आणि खरंच कॉटखाली जायचा नाही. त्या कणकेच्या पोळ्या तू स्वतः खायचीस.

सिव्हिलच्या डॉक्टरनं कागदावर मतिमंद लिहून दिलं होतं. तो कागद तू पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलास आणि पुन्हा काढला नाहीस. तू गेल्यावर काही वर्षांनी इथल्या शाळेत एक शिबिर झालं, तिथल्या एका तरुण बाईंनी धाकट्याला अर्धा तास बघितलं आणि वेगळाच शब्द सांगितला. स्वमग्न. मला म्हणाल्या, "त्याला जे घडणार आहे ते आधी सांगत जा. साधे, खरे शब्द वापरा." मी म्हटलं, "आमची आई तेच करायची." त्यांनी विचारलं, त्या कुठे शिकल्या? तो शब्द मी घरी येऊन लिहून बघितला. शब्द शुद्ध आहे, पण मला तो पटत नाही. स्वतःतच मग्न असलेला माणूस दुसऱ्याच्या एका शब्दासाठी इतकी वर्षं बसथांब्यावर उभा राहील का?

कारण त्या दिवशी तू येते म्हणालीस.

पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. देवळ्याहून मावशी आली होती. रिक्षा दाराशी उभी होती, तुला धड उभंही राहता येत नव्हतं, तरी तू धाकट्यासमोर उकिडवी बसलीस. म्हणालीस, "जा—" आणि मावशीनं तुझ्या तोंडावर हातच ठेवला. "आज नको गं माय. लय झाले तुझे चाळे. आज तरी येते म्हण." काकू म्हणाल्या, "म्हण गं, येते म्हण." गल्लीतल्या सगळ्या बायका बघत होत्या. तू मावशीचा हात बाजूला केलास आणि माझ्याकडे बघितलंस. मी काय बोलणार होतो? त्या दिवशी तुझ्या तोंडून जाते ऐकायची माझीही छाती नव्हती. तू धाकट्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "येते." पुढे काही नाही. कुठे जाते, काय करते, कुठल्या बसनं, काही नाही. मावशीला दोष देत नाही. तूही घाबरली होतीस, हे मला आता कळतं.

सिव्हिलमधून तुला चादरीत गुंडाळून घरी आणलं तेव्हा धाकट्याला काकूंनी आत ठेवलं होतं. त्यानं बघितलं असतं तरी त्याला ते पटलं असतं की नाही, कोण जाणे. तुझे दिवस घालेपर्यंत तो दाराशी होता. मग एका संध्याकाळी स्वतःच चालत बसथांब्यावर गेला. तेव्हापासून रोज जातो. पावसात जातो, तापात जातो. बस वळणावर दिसली की म्हणतो, "येते." तुझ्यासारखंच, स्त्रीलिंगी. पूर्वी मी त्याचं बोलणं सुधारायचो, ते तुला आवडायचं नाही. भूक लागली की तो तुझंच वाक्य म्हणायचा, "तुला भूक लागली?" आणि मी म्हणायचो, मला म्हण, मला. तू एकदा लाटणं आपटून म्हणालीस, "त्याला कळतंय, तुला कळतंय, मग सुधारतोस कोणासाठी?" आता नाही सुधारत. बस निघून जाते, तो थोडा वेळ उभा राहतो आणि मग माझ्यामागून घरी येतो.

तू गेलीस तेव्हा तो माझ्या खांद्याखाली होता. आता माझ्याहून उंच आहे, मिसरूड आलं आहे, आणि लोकांना मूल दिसत नाही, बाप्या दिसतो. गेल्या महिन्यात बसमधून एक बाई उतरली, तुझ्या हिरव्या लुगड्यासारखं लुगडं होतं. त्यानं तिचा पदर धरला. सोडेना. ती किंचाळली. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. पोचेपर्यंत लोकांनी त्याला खाली पाडलं होतं, लाथा बसत होत्या, आणि तो मारणाऱ्यांना सांगत होता, "धाड होईल, मग थांबेल." मी त्याच्या अंगावर पडलो. हवालदार म्हणाला, "बांधून ठेवत जा याला." घरमालक म्हणाले, "पोरीबाळी आहेत आमच्या. बघा काहीतरी." मी बघितलं. दिवसभर मी प्रेसमध्ये, तो माझ्या पायाशी, घराला कुलूप लावलं की नाही या भीतीनं मी अर्ध्या वाटेतून परत जाणार. आई, मी थकलो आहे. मला दुसरं काही सापडलं नाही.

अशा मुलांना ठेवून घेणारी ती संस्था हरसूलच्या वाटेवर आहे. बरी आहे. अंगण आहे, तोफा ऐकू येत नाहीत. शिबिरातल्या बाईंनी सांगितलं होतं तशी मी चित्रं काढली, बस, फाटक, कॉट, पितळी वाटी, आणि आठवडाभर त्याला रोज दाखवली. तो ती ओळीनं लावतो आणि शेवटच्या चित्रापुढे बोट ठेवून थांबतो. त्यापुढचं चित्र माझ्याकडे नाही. तिथे मुलांना सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "निघताना काही बोलू नका. तो जेवायला बसला की मागच्या दारानं सटका. सगळे तसंच करतात, रडारड होत नाही." चांगल्या आहेत त्या, पण हे मला जमणार नाही. येतो म्हटलं तर तो त्या फाटकाशी उभा राहील. मी महिन्यातून एकदा जाईन, पण मधले सगळे दिवस तो कडीवर हात ठेवून उभा असेल, आणि तिथे त्याला धुवायला तू नाहीस. जातो म्हटलं तर कदाचित हात काढेल, जेवेल, बुचं मांडेल. आणि मग या जगात माझी वाट बघणारं कोणी उरणार नाही.

जातो म्हणेन. त्याच्यासमोर उकिडवा बसून, स्पष्ट. जीभ वळेल असं वाटत नाही, पण म्हणेन.

लाइट आली. मशीनचा आवाज सुरू झाला आहे आणि शेठ हाक मारताहेत. हा कागद आता बाकीच्या प्रुफांबरोबर कटिंगखाली जाईल, आणि त्याच्या पट्ट्या धाकटा रुंदीप्रमाणे लावून ठेवील. एक मात्र सांगायचं राहिलं. रोज संध्याकाळी "धाकट्याला थांब्यावरून घेऊन येतो" असं शेठना सांगून मी थांब्यावर जातो. बस वळणावर दिसली की त्याच्याही आधी मी उतरणाऱ्या बायकांच्या चपला बघायला लागतो.