पाण्यातला सपाट दगड

बाबा,

जिंकले! आज सकाळी पाणमांजर दिसलं, तेही दोन पिल्लांसकट!

निघताना तुम्ही म्हणाला होतात, "प्राणी मोजायला सहा महिने होस्टेलवर? डोकं ठिकाणावर आहे ना?" इथे निसर्गरक्षणाच्या या सत्रात प्रत्येकाच्या वाट्याला ओढ्याचा एकेक तुकडा येतो. रोज पहाटे चालायचं आणि वहीत लिहायचं, काही दिसलं नाही तरी. माझ्या वहीत एक्काहत्तर दिवस "नाही" होतं. पोरं मला 'नाहीबाई' म्हणायला लागली.

चूक माझीच. पुस्तकात सांगितलं म्हणून काठच्या चिखलात पावलं शोधत बसले. मग लहानपणी तुम्ही सांगितलेलं आठवलं, "चिखलात काय बघतेस? पाण्यातला सपाट दगड बघ. माशांचे खवले असलेली विष्ठा तिथेच सापडेल." दुसऱ्याच दिवशी सापडली! मग आठवडाभर तिथेच दबा धरून बसले.

आमच्या बाई नाचायच्याच काय त्या बाकी राहिल्या. वीस वर्षांत या ओढ्यावरची ही पहिलीच नोंद. "दगडाचं कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. "वडिलांनी," मी ताठ मानेनं सांगितलं. त्यांनी ते अहवालात लिहिलंसुद्धा आणि तुम्हाला बघायला बोलावलंय.

असा दगड सापडला की तुम्ही त्यावर सापळा लावायचात, हे मात्र मी गिळलं. ते सांगायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

हे पत्र टपालात टाकत नाही. आधीच वाचलंत तर यायचं टाळाल. रविवारी मीच न्यायला येते, पत्र वाटेत हातात देईन. हात मोकळे ठेवा, दुर्बीण धरायचीय.

तुमची,
आजपासून 'आहेबाई'