राजूर घाट उतरणारी गाडी

मोताळा, ९ जानेवारी १९६४

प्रिय सौ. सिंधू,

तुला व बाळूला आशीर्वाद. दादाचे तेरावे नीट पार पडले. माझी प्रकृती बरी आहे. वहिनी दोन्ही वेळा ताजी भाकरी वाढतात. बाळूचा खोकला गेला का?

जत्रा तोंडावर आल्या आहेत आणि दादाचा रहाटपाळणा ओढायला गाडी नाही. राजूर घाटाच्या उतारावर पाळण्याच्या ट्रेलरने मागून ढकलले आणि दादा गाडीसकट दरीत गेला. ट्रेलर मात्र कठड्याला अडकून राहिला. पाळण्याला ओरखडासुद्धा नाही.

काल गॅरेजवाल्या कय्यूम मिस्त्रीने दोन गाड्या दाखवल्या, एक जीप आणि एक जड पिकअप. मला जीप आवडली. तो म्हणाला, "जीपमंदी फोटो चांगला येते, साहेब. चढावर कोनतीबी गाडी ओढते. उतारावर मागचं वजन अंगावर येते, तवा गाडीच भारी पायजे." म्हणून पिकअप ठरवली.

गाडीच्या कागदावर वहिनींचे नाव घाला, असे मी म्हटले. त्या म्हणाल्या, "मले गाडी चालवता येते काय, भाऊजी? तुमचंच टाका." पाळण्यावरचे चारही गडी दारात उभे होते. मी सही केली.

रजा वाढवण्याचा अर्ज सोबत आहे, तो कचेरीत दे. पुढचे मला आत्ता विचारू नकोस. उद्यापासून कय्यूम मला गाडी शिकवणार आहे.

आईला एवढेच सांग, की मी वहिनींना चांगली गाडी निवडून दिली. चालवणार कोण, ते सांगू नकोस.

तुझा,
वासुदेव