बघतो म्हणालो

२ फेब्रुवारी
दुपारी नव्या धर्मग्रामात पोचलो. स्वागत छान झालं. बायकांनी दारात ओवाळलं, मुलांनी ढोल वाजवला, आणि माझी ट्रंक कोणी उचलायची यावरून दोन म्हाताऱ्यांची थोडी बाचाबाचीही झाली. चर्च लहान आहे, पिंपळगावकडे जाणाऱ्या महामार्गापासून जरा आत. तिन्ही बाजूंनी द्राक्षबागा. फादरांच्या घराला तीन खोल्या, मागे पेरूचं झाड. स्वयंपाकाला कुसाबाई आहेत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की आधीचे फादर पण असेच बारीक आले होते, जाताना त्यांचा झगा उसवून मोठा करावा लागला. बऱ्याच दिवसांनी हसलो.

आईला जाऊन महिना झाला. थोडी रजा घेतोस का, असं बिशपस्वामींनी विचारलं होतं. कामात बरं वाटेल म्हणालो. वाटेलसं दिसतंय.

११ फेब्रुवारी
रोज संध्याकाळी घरभेटी चालू आहेत. प्रत्येक घरी चहा, नाही म्हणता येत नाही. बहुतेक माणसं बागांमध्ये आणि पॅकहाऊसमध्ये कामाला. आज वाल्मीकच्या घरी गेलो. तो द्राक्षांचा टेम्पो चालवतो. चांगला उंचापुरा माणूस, पण मान वर करत नाही. मी घरावर प्रार्थना केली तेव्हा बाकी सगळे हात जोडून उभे होते, हा भिंतीला टेकून स्वतःच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. त्याची बायको प्रतिभा मला दारापर्यंत सोडायला आली. दिवाळीपासून धड जेवत नाही म्हणाली, विचारलं तर अंगावर येतो. उपवासकाळ सुरू होतोय, त्याला पापनिवेदनाला पाठव, असं मी सांगितलं.

२१ फेब्रुवारी
शनिवार. पापनिवेदनाला मोठी रांग.

तिथे ऐकलेलं लिहायचं नसतं, बोलायचं नसतं, मनातही घोळवायचं नसतं. आज तो प्रश्नच नाही. एका माणसाचं मी ऐकलंच नाही.

तो बराच वेळ बोलत होता, हळू, थांबत थांबत. मध्ये कुठेतरी रडलाही असावा. मी डोळे मिटून, कपाळाला हात लावून बसलो होतो. असं बसलं की समोरच्याला वाटतं फादर फार लक्ष देतायत. मी आईच्या चष्म्याचा विचार करत होतो. शवपेटी बंद केली तेव्हा तो तिच्या डोळ्यांवर होता, की कोणी काढून ठेवला, आणि ठेवला तर कुठे. सगळा वेळ तेवढंच.

भानावर आलो तेव्हा जाळीपलीकडून तो विचारत होता, “एवढं तुम्ही बघाल ना, फादर?”

पुन्हा सांग, म्हणायला हवं होतं. लाज वाटली. बाहेर माणसं उभी होती.

“हो बाबा, बघतो,” म्हणालो आणि पापक्षमा दिली.

२२ फेब्रुवारी
रविवारच्या मिस्सेची प्रार्थना संपल्यावर प्रतिभाने मला सर्वांसमोर थांबवलं आणि पायांना हात लावला. काल वाल्मीक तुमच्याकडून आला आणि भाकरी मागून घेतली, असं सांगत होती. रात्री घोरत झोपला. फादरांनी एक शब्द मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं, असं म्हणाला. मागे वाल्मीक उभा होता, कोणाशी तरी हसत होता. त्याने मला द्राक्षांची पेटी दिली.

पेटी तशीच ठेवलीय. त्याला बोलावून खरं सांगायला हवं. पण कन्फेशनचा विषय आम्ही बाहेर काढायचा नसतो. हा नियम आज मला फार सोयीचा वाटला, हे इथे लिहून ठेवतो.

२५ फेब्रुवारी
सकाळच्या मिस्सेला मोजकीच माणसं असतात. ओस्ती, म्हणजे पवित्र भाकरीची पातळ चकती, देताना रांगेच्या शेवटी एक अनोळखी गृहस्थ आले. पन्नाशीचे, तपकिरी स्वेटर, पायांना वाळलेला चिखल. एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून पुढे केला. ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणालो. ते आमेन म्हणाले नाहीत. मी ओस्ती हातावर ठेवली आणि ती फरशीवर पडली.

माझाच हात चुकला असणार. उचलून मी ती खाल्ली, फरशी पाण्याने पुसली. वर पाहिलं तर गृहस्थ गेले होते.

२८ फेब्रुवारी
तो रोज येतो. आज पुन्हा ओस्ती खाली पडली. हात हलला नव्हता, ना माझा ना त्याचा.

कुसाबाई रांगेत त्याच्या पुढेच होत्या. नाश्त्याला मी सहज विचारलं, तुमच्या मागे होते ते कोण. म्हणाल्या, “माझ्या मागं कोणीच नाय, फादर. मीच शेपूट.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या की उपास जरा बेतानं करा, लय ओढलाय चेहरा.

आता समजतंय. वाल्मीक त्या दिवशी भिंतीजवळ कोणाकडे बघत होता ते. याला काहीतरी द्यायचं आहे. काय, ते मला सविस्तर सांगितलं गेलं होतं. आणि मी बघतो म्हणालोय.

४ मार्च
आशीर्वाद दिला. पवित्र पाणी शिंपडलं. मेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हटली. चर्चमध्ये कोणी नसताना पाण्याचा तांब्या पुढे केला, भाकरी ठेवली, माझ्या गळ्यातला क्रूस काढून ठेवला. सगळं खाली पडतं. हात तसेच.

तो रागावत नाही. हेच सहन होत नाही. शब्द मिळालेला माणूस जसा थांबतो, तसा थांबतो. खात्रीने.

६ मार्च
आता तो वेदीवर, घरात, जेवणाच्या टेबलापलीकडे. दिवसाउजेडी. कुसाबाई त्याच्यासमोरून ताट उचलतात.

एकदाच नीट ऐकलं असतं तर.

८ मार्च
आज आमच्या धर्मग्रामातल्या सनीच्या मुलीचा बाप्तिस्मा. उपवासकाळात सहसा करत नाही, पण तो दुबईला परत चाललाय. बाळ माझ्या हातावर होतं. पाणी ओतायला वाकलो आणि बाळाच्या खाली ते दोन तळहात दिसले. उघडे. अगदी जवळ.

आणि बाळ जड झालं. खालून ओढ लागल्यासारखं.

ओस्ती त्याला नको होती. क्रूस नको होता. पण हे त्याने घेतलं असतं. मी नुसता हात सैल सोडायचा होता. मी ओरडून मागे सरलो. फादरांना चक्कर आली, असं सगळे म्हणतात. सनीच्या आईने बाळ माझ्याकडून ओढूनच घेतलं, बरं केलं.

ठरलेलं मिळालं नाही तर तो दुसरं काहीतरी घेणार आहे —

१० मार्च
नियम मोडला. पिंपळगावला शीतगृहाच्या दाराशी वाल्मीकचा टेम्पो गाठला. त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की त्या दिवशी मी ऐकलं नव्हतं. एक शब्दही नाही. पाया पडतो, पुन्हा सांग. कोण आहे हा माणूस, काय देणं आहे त्याचं.

वाल्मीक हसायला लागला, मग थांबला. बराच वेळ विचार करत होता. खरंच करत होता, कपाळाला आठ्या घालून.

“काहीतरी होतं, फादर,” म्हणाला. “लय जड होतं. पण तुमच्याकडं दिलं ना समदं. आता मलाच नाय आठवत.”

तो माणूस आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता. वाल्मीक त्याच्या आरपार माझ्याकडे बघत होता. काळजीने.

मग हे आता कोणालाच माहीत नाही. जगात कोणालाच.

१२ मार्च
फादर इनास. वसईचे, ऐंशीच्या पुढचे. निवृत्त, पण जवळच्या शहरातल्या चर्चमध्ये अजून मदत करतात. त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. पापनिवेदनाला त्यांच्यापुढची रांग सगळ्यांत लांब असते, त्यावरून आम्ही त्यांना चिडवतो. ते म्हणतात, देवाला ऐकू येतंय ना, झालं तर. कोणी काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत.

सकाळपासून त्यांचंच नाव डोक्यात येतंय. का येतंय ते मला माहीत आहे.

१३ मार्च
जाणार नाही.

आज कुसाबाईंची नात अंगणात खेळत होती. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. हात पुढे. ती चेंडू टाकायचं सोडून — मी तिला उचलून आत नेलं. ती रडायला लागली. माझ्या हातात ती जड —

जाणार नाही.

१४ मार्च
रांगेत बसलोय. फादर इनासांच्या. बाजूच्या बाकावर तो.

मी माझंच पाप सांगणार. न ऐकल्याचं. तेवढंच. शेवटी काही विचारणार नाही. मोठ्याने बोलणार, त्यांना ऐकू जाईल असं —

पुढे दोघी आहेत —

मोठ्याने बोलणार —

एकच बाई. फादर मान डोलावतायत. किती प्रेमाने डोलावतात —

हळू बोललो तर —

१५ मार्च
आज फार बरं वाटतंय. पहिल्या मिस्सेनंतर पोटभर नाश्ता केला. अजून एक पोळी मागितली तर कुसाबाई म्हणाल्या, आता झगा उसवायला काढते.

मघाशी फादर इनासांचा फोन आला. काल मी त्यांच्याकडे पापनिवेदनाला गेलो होतो, ते आठवतंय. ते विचारत होते, मी शेवटी त्यांच्याकडे काय मागितलं होतं. त्यांना ऐकू आलं नाही, पण बघतो की, असं ते म्हणाले होते. सकाळपासून त्यांच्यासमोर कोणी स्वेटर घातलेला माणूस हात पुढे करून उभा आहे. त्याला काय द्यायचं? फोनवर मोठ्याने ओरडून सांगितलं, फादर, मला काहीच माहीत नाही. खरंच माहीत नाही. वय झालं बिचाऱ्यांचं. आवाज रडवेला होता. आता ठेवतो म्हणाले, एका अशक्त बाळाचा बाप्तिस्मा आहे, आईबाप येऊन थांबलेत.

आजचं लिहायला वही उघडली आणि मागची पानं चाळली. अक्षर माझंच आहे. हे मी लिहिलेलं आठवत नाही. सनीच्या मुलीचं पान दोनदा वाचलं.

फोन लावला. उचलत नाहीत. फादरांचे हात तसेही थरथरतात. पुन्हा लावतोय. वाजतोय. कोणीतरी उचला, त्या आईला सांगा की बाळ त्यांच्याकडे —