तीन लहरींचं बटण

२ डिसेंबर, सकाळ
आज पुन्हा दाट धुकं. या वर्षी कहरच आहे, स्वयंपाकघरातही शिरलंय. ही म्हणते, लख्ख ऊन पडलंय. संसारी माणसांना निसर्गाकडे बघायला सवड कुठे?
१२ जानेवारीला घाटावरच्या आमच्या शाळेत जुन्या मुलांचा मेळावा. मी कविता म्हणणार. पहाटे गाडी मीच नेणार. ही म्हणाली, तुम्ही शेजारी बसा, मी चालवते. साठीत लायसन्स काढलेल्या बाईने मला हे सांगावं!
संकल्प : गाडीला फॉग लाइट लावणे. चाक सोडणे नाही.

३ डिसेंबर
दिवे आणले. सोबत एक टुकार प्लॅस्टिकचं बटण आलं, ते फेकलं. आपल्या डॅशबोर्डवर कंपनीचं मूळ बटण आहे, वर तीन नागमोडी रेघा. धुक्याच्या लहरीच! इतकी वर्षं कधी दाबलंच नाही, बिचारं वाट बघत बसलंय. गॅरेजवाला म्हणाला, काका, वेगळं बटण लावा आणि मध्ये रिले टाका, नाहीतर वायर जळेल. रिले म्हणजे मध्यस्थ. मूळ संहितेत प्रक्षिप्त ओळी घुसडणाऱ्यांतला मी नव्हे. स्वतःच करणार.

५ डिसेंबर
डॅशबोर्ड उघडला. वायरी लक्षात राहाव्यात म्हणून अनुष्टुभ रचला :
लाल जाई स्विचापाशी, काळी धरेस वंदते,
पिवळी राहिली हाती, तिचे काय करायचे?
वृत्त निर्दोष. दिवे लागले नाहीत.

६ डिसेंबर
कंबर धरली. विश्रांती. काही स्क्रू उरलेत. कंपनीने जास्तीचे दिले असावेत.

९ डिसेंबर, संध्याकाळ
लागले! पिवळीचं कोडं सुटलं (तिला कापलं). समोरच्या भिंतीवर फारसं काही दिसलं नाही, पण पहिल्या मजल्यावरच्या शेजारणीने खिडकीतून ओरडून विचारलं, आजोबा, आमच्या बेडरूममध्ये हा उजेड कसला? काय पल्ला आहे!
हिने मागच्या काचेला हात लावला. म्हणाली, ही का तापलीय? म्हटलं, दिवसभराच्या उन्हाने. ती म्हणाली, तुमच्या धुक्यात ऊन कुठून आलं? अशा प्रश्नांना उत्तर देऊ नये.

१३ डिसेंबर
मुलीचा फोन. बाबा, डोळे तपासून घ्या. आईने कान भरलेले दिसतात. डोळे ठणठणीत आहेत.
फाटकाशी कुत्रं आडवं बसलं होतं. हॉर्न दिला, हलेना. उतरून दरडावलं. कुंडी निघाली. लोक कुंड्या कुठेही ठेवतात.

१७ डिसेंबर
चाचणी फेरी. हिला मुद्दाम शेजारी बसवलं. ऐटीत बटण दाबलं. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. म्हटलं, कुणाच्या तरी घरी दूध उतू गेलं. मग गाडीभर धूर. ही खोकत म्हणाली, हं, आता दिसलं हो तुमचं धुकं.
बटण कडेने मेणासारखं वितळलं. लहरी तेवढ्या शाबूत. हिने अट घातली : आधी डोळ्यांचा डॉक्टर, तोवर किल्ली तिच्या पर्समध्ये. मोठ्या मनाने मान्य केलं. डॉक्टरच माझी बाजू घेईल.

१९ डिसेंबर
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर तरुण आहे, अनुभव कमी.

२८ डिसेंबर
एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर मेळाव्यापर्यंत गाडी चालवायची नाही म्हणतो. बघू.

१२ जानेवारी, घाटात
ही चालवतेय. बरी चालवते. उजाडताना झाडांचं पानन् पान दिसत होतं. दोन्ही फॉग लाइट आकाशाकडे तोंड करून आहेत, हे निघतानाच दिसलं. बटणही नीट पाहिलं. लहरींभोवती एक चौकोन आहे. चौकोन म्हणजे काच. मागची काच तापवायचं बटण.
आता वरच्या वळणावर खरंखुरं धुकं उतरलंय. हिने गाडी कडेला घेतली. कविता अकरा वाजता आहे. ही म्हणाली, लावा की तुमचे दिवे. मग म्हणाली, मागची काचही पार धुरकटलीय, काही दिसत नाही. आपल्या गाडीला ती तापवायची सोय नव्हती का हो?
नव्हती, म्हणालो, आणि रुमाल घेऊन मागच्या सीटवर गेलो.