इनासचं पुढचं चाक

१६ फेब्रुवारी १९५५, बुधवार

वर्कशॉप सुटल्यावर साकीनाक्याहून थेट अंधेरी, तात्या परबांचं सायकलचं दुकान. तात्यांनी माझी सायकल उलटी ठेवली आणि मागचं चाक हातानं फिरवलं. जड चाक, थांबायला तयार नाही. म्हणाले, सुरू व्हायलाही असंच तयार नसणार. लोखंडी रिम, चाळीस तारा, टायर गाढवाच्या पोटासारखा. हे दूधवाल्याला दे म्हणे.

रेस ईस्टरच्या सोमवारी. अंधेरी ते घोडबंदर आणि परत. नाव दिलंय. पुरते आठ आठवडेही नाहीत.

चाकाचं मागनं बघू, आधी पाय, असं तात्यांचं मत. "तुझे पाय भात कांडतत रे. सायकल फिरवूची असता." खरंय. मी नुसता जोर लावतो. इनासला जोर कधी लागलाच नाही.

२० फेब्रुवारी, रविवार

चर्चमधल्या पहाटेच्या मिसेनंतर बोरिवलीपर्यंत. फेरे मोजायला गेलो, फसलो.

आमची मोजायची रीत दोघांची होती. मी आणि माझा धाकटा भाऊ इनास, शेजारी शेजारी. एकानं नमो मारिये म्हणायचं, दुसऱ्यानं तेवढ्यात पायडलचे फेरे मोजायचे. घड्याळ कुठलं आमच्याकडे. आमच्या आयला कळलं तेव्हा तिनं दोघांना धुतलं, प्रार्थनेचा खेळ करता म्हणून. मग इनास म्हणाला, आय, अंधेरी ते बोरिवली चार रोझरी होतात, घरात एक पण होत नाही.

त्याचे एका नमो मारियेत, न.मा.त, वीस फेरे. माझे तेरा.

एकट्यानं म्हणू लागलो की मोजणं चुकतं. मोजू लागलो की अर्ध्यात अडतो. बोरिवलीलाच वळलो. वर्ष होत आलं, त्यापुढे गेलो नाही. रेस तर दहिसरच्या उतारावरूनच जाते. नाव देताना डोकं कुठं होतं कोण जाणे.

२३ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन कामाला. फोरमन म्हणाला, तोंड धू.

घरी आलो तर आय पडवीत. इनासचं पुढचं चाक भिंतीवर खुंटीला आहे, तिथं. अपघातानंतर लोकांनी सायकल आणून दिली तेव्हापासून तिथंच. वाकून पार चिंचेच्या आकड्यासारखं झालंय. त्यावर तिनं जुनी साडी टाकलीय. कुणाला हात लावू देत नाही. मी लावलाही नाही. तिच्याकडे मागितलंसुद्धा नाही.

एकदा लिहूनच काढतो. गेल्या वर्षी गुड फ्रायडेला मी त्याचं हे चाक नव्यानं बांधत होतो. तारा सगळ्या घालून झालेल्या, रिम सरळ दिसत होती. शेवटचा ताण द्यायचा राहिला होता. तीन वाजले. आय आतून म्हणाली, लोखंड ठेव खाली, प्रभूच्या मरणाची वेळ आहे. आमच्या गावठाणात त्या दिवशी कोणी खिळा ठोकत नाही, सुईसुद्धा धरत नाही. मी ठेवलं. शनिवारी वर्कशॉपात डबल पाळी. म्हटलं रविवारी दुपारी ताण देऊ. रविवारी मिसेनंतर मी चर्चमध्ये बाकं लावत होतो, तेवढ्यात इनास चाक चढवून फेरफटक्याला निघून गेला. दहिसरच्या उतारावर चाक दुमडलं. समोरून बैलगाडी येत होती. इनास जागीच गेला. लोक म्हणाले बैलगाडी. मी पण म्हणालो बैलगाडी.

अर्धवट चाकाच्या वॉल्व्हशी काळा दोरा बांधायचा, ही तात्यांच्या दुकानातली रीत. दोरा असलेलं चाक कोणी चढवत नाही. मी आणि इनास, दोघं तिथंच शिकलो. दोरा दिसता तर इनासनं चाकाला हात लावला नसता.

मी दोरा बांधला होता का? आठवत नाही. रोज आठवून बघतो. कधी बांधताना बोटं दिसतात, कधी नुसती तारा आवळायची चावी खाली ठेवताना दिसतात.

२ मार्च, बुधवार

तात्यांनी विषय काढलाच. इनासचं मागचं चाक धड आहे. हलकी ॲल्युमिनियमची रिम, गोंदानं चिकटवायचा बारीक टायर. फोर्टातल्या एका पारशानं सायकल चालवणं सोडलं तेव्हा इनासनं मागून आणलेली जोडी. तात्यांकडे तसलीच एक पुढची रिम आहे. पण तारा अडकवायचा मधला हब नाही. हब त्या वाकलेल्या चाकात.

"खंय असा तां चाक? घेवन ये."

म्हटलं आय देणार नाही. तात्या माझ्याकडे बघत राहिले. आयचं नाव पुढं केलं, हे त्यांना कळलं असणार.

लोखंडी चाकांवर रेस म्हणजे शेवटून पहिला. तेही चालेल असं आज वाटतंय.

९ मार्च, बुधवार

तात्यांनी फ्रीव्हील बदललं. सोळा दातांचं काढून वीसचं घातलं. म्हणजे जोर लावायला काही उरलंच नाही, पाय फिरवण्याशिवाय इलाज नाही. सीट अर्धा बोट वर. सायकल स्टँडवर, मागचा ब्रेक जरासा दाबून बांधलेला, मी वर बसून न.मा. म्हणतोय आणि तात्या खाली बसून फेरे मोजतायत. गिऱ्हाईकं बघून हसतात. तात्या कोकणातले, देवळात जाणारे, पण आता अर्धी न.मा. पाठ झालीय त्यांना.

पंधरा. मग सोळा. टाच खाली दाबायची नाही, पाय वर येताना ओढून घ्यायचा, बूट पुसल्यासारखा. तात्यांनी पाठीवर थाप मारली. लय खूश झालो आणि मग घरी येताना वाईट वाटलं.

१३ मार्च, रविवार

गोरेगावच्या पुढं आवाज आला. टुंग. सैल तार ताण घेताना बोलते तसा. पुढच्या चाकातून.

उतरलो. बत्तीसच्या बत्तीस तारा बोटानं वाजवून बघितल्या. सगळ्या एका सुरात. चाक उचलून फिरवलं, केसाएवढाही हेलकावा नाही. निघालो. पाय जरा भरभर फिरू लागले की परत टुंग. हळू केलं की बंद. सोळाच्या वर गेलं की येतो. वीसवर इनास चालवायचा.

पुढं गेलोच नाही. अर्ध्यातून परत. भीती वाटली, सरळ लिहितो. भर उन्हात, रस्त्यावर बैलगाड्या आणि माणसं असताना.

१४ मार्च, सोमवार

तात्यांनी माझी सायकल घेऊन चकाला रोडला दोन चकरा मारल्या, साठीचा माणूस. "माका काय्येक आयकाक येणा नाय." मग हळूच विचारलं, झोप लागते का. लागते म्हटलं. खोटं.

१९ मार्च, शनिवार

कुमसाराला, पापं कबूल करायला गेलो. पाद्रीबाबांना जाळीतून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, चाक अर्धवट आहे हे माहीत असून तू त्याला सांगितलं नाहीस का. म्हटलं, दोरा बांधला असेल तर सांगितल्यासारखंच. बांधला होता का? आठवत नाही, फादर. मग ते म्हणाले, जे आठवत नाही त्याची क्षमा कशी मागणार तू, आधी आठव. बाकीची पापं माफ केली. बाकीची किरकोळच होती.

२५ मार्च, शुक्रवार

आय क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली. घरात मी एकटा. साडी काढली.

वॉल्व्हपाशी काही नाही. टायरात दोऱ्याचा तुकडा अडकलाय का ते नखानं खरवडून बघितलं. रिमच्या भोकात बघितलं. शेजारच्या तारांवर बोट फिरवलं. गंज, वाळलेला चिखल. गाठ नाही.

म्हणजे नव्हता बांधला.

साडी होती तशी टाकली. आय आली तेव्हा चूल फुंकत बसलो होतो. डोळ्यांत धूर गेला म्हटलं.

२८ मार्च, सोमवार

तात्यांना सांगितलं, रेस नको. का ते पण सांगितलं. पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं: इनासला मी मारलं.

वाटलं, दुकानातून हाकलतील. रीत त्यांचीच होती. ते हातातली चेन तेलात बुडवत राहिले. मग म्हणाले, तुला शिकवलं मी. तू हजारदा दोरा बांधलास. हजार एकाव्यांदा विसरलास असं तुला भिंतीवरचं चाक सांगतं, मला नाही सांगत. रेस राहू दे, पण ते चाक घेऊन ये. खुंटीवर असेतो तुझी सुटका नाही.

बरं वाटलं नाही. पण ऐकलं.

३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

आयला विचारलं. भांडेल वाटलं होतं. ती झावळीचा क्रूस विणत होती. म्हणाली, तू बसनार त्याच्यावर? म्हटलं हो. "मग ने. मी तुज्यासाटीच ठेवलेला."

वर्षभर मला वाटत होतं, मला माझी चूक दाखवायला टांगलंय.

७ एप्रिल, गुरुवार

वाकलेलं चाक सोडवलं. तारा एकेक कापल्या, हब रॉकेलनं धुतला, बेरिंगचे नवे बॉल घातले. नव्या रिमवर तारा विणल्या. संध्याकाळपर्यंत सरळ झालं. शेवटचा ताण राहिला, मुद्दाम राहू दिला. उद्या गुड फ्रायडे, घाईत कसातरी ताण द्यायचा नाही.

दोरा बांधला. दोन गाठी. आयच्या रिळातला काळा. बांधून झाल्यावर तिथंच बसून राहिलो, बोटांना विचारत.

९ एप्रिल, शनिवार

सकाळी आय घर झाडत होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी पाद्रीबाबा आशीर्वादाचं पाणी शिंपडायला घरोघर येतात. तिला पडवीतलं चाक दिसलं. म्हणाली, "पास्कू, तो काला दोरा सोड आधी. पाद्री येनार. आपल्या घरात गंडेदोरे कनाला?"

म्हटलं, गंडा नाही आय, खूण आहे.

"गेल्या साली इनासच्या चाकाला पन व्हता. मीच कातरीनं कापला, चुलीत टाकला. म्हटलं तात्यानं नजरेचा बांधला असंल."

पाठमोरी होती. केरसुणी चालूच.

मी खाली बसलो. बांधला होता. मी बांधला होता. एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं की हसूच आलं. वर्षभरात छातीत हवा गेली नव्हती तेवढी गेली. मग तिच्याकडे बघितलं. पाठीला आलेलं पोक, कोपऱ्यातला केर काढतेय, पाद्रीबाबांसाठी. लाज वाटली त्या हसण्याची.

"खूण कसली?" तिनं विचारलं.

बोलायच्या आत दारात घंटा वाजली. पाद्रीबाबा आले. पाणी तिच्या डोक्यावर पडलं, माझ्या पडलं, चाकावर पण पडलं. दोरा तसाच होता.

संध्याकाळी ताण दिला. दोरा मी सोडला, टायर चिकटवला.

१० एप्रिल, ईस्टर

मिसेनंतर एकटा दहिसरपर्यंत गेलो. त्याच्या चाकांवर. उतार उतरलो. आवाज नाही. न.मा. मोठ्यानं म्हणत होतो, मोजले नाहीत फेरे, पण पाय माझे नसल्यासारखे फिरत होते. खाली थांबून रडलो. येणारे जाणारे बघत होते, बघू देत.

दोऱ्यावर सोडून तोंडानं सांगितलं असतं तर? एवढा वाटा माझाच. तो मी ठेवतो. तो पेलतो मला. पण तिला तिचा वाटा द्यायचा नाही, हे ठरलं. तिनं पोराला पापापासून वाचवायला दोरा कापला.

घरी आलो. आय फुगे, मैद्याचे गोळे तळत होती. इंद्यालच्या रश्श्याचा वास. माझ्याकडे न बघता म्हणाली, खूण म्हणजे कसली रे? म्हटलं, कुणाचं चाक ते कळायला. ती म्हणाली, घरात दोन सायकली, कुणाचं चाक ते मला पन कळतं.

मग तेलात फुगा उलटा केला.

"तात्या जेवाया येनार ना? त्यालाच इचारते."

तात्यांना बाराला बोलावलंय. आयला ते खोटं बोलणार नाहीत, कधी बोलले नाहीत. आधी गाठायला हवं. पण सांगू काय, खोटं बोला म्हणून? ईस्टरच्या दिवशी, तिच्या हातचं जेवता जेवता? आणि ते बोलले तरी तिला कळणार नाही कशावरून. उद्याच्या रेसचं डोक्यातसुद्धा नाही आज.

अकरा वाजले. आमच्या मरोळहून अंधेरी, पाय फिरवले तर पंधरा मिनिटं. बूट घातले, सायकल बाहेर काढली आणि हे लिहायला परत आत आलो. आयनं विचारलं, आता कुठं निघालास. म्हटलं, चाक जरा दाखवून येतो तात्यांना. म्हणाली, कालच तर झालं ना पुरं.

चूल सोडून ती दारात येऊन उभी आहे. हात पदराला पुसतेय. वाट सोडत नाही.