हद्दीबाहेरचा जावई

मु. पो. मुठा, ता. मुळशी
१२ नोव्हेंबर २००१

चि. भिवाजीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आमच्या शारदेसाठी तू पोलिसातलं स्थळ काढलंस हे वाचून मी आधी देवापुढे साखर ठेवली. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं, तर पोलिसाच्या आधी ‘लोहमार्ग’ असा शब्द निघाला. तोवर साखर मुंग्यांनी नेली होती, नाहीतर परत डब्यात घातली असती.

अरे, आपल्या तालुक्यात धरण आहे, घाट आहे, शनिवारी मोटारी भरून येणारे पुणेकर आहेत. रूळ मात्र औषधाला नाही. असा जावई सणाला आला तर त्याची सत्ता इथे चालणार कुणावर? शेजारच्या गोजराबाईला वास लागलाच. रुळाला राखण कशाला लागती, त्यो काय दावं तोडून चरायला जातोय व्हय, असं तिने भर पारावर विचारलं. सगळे हसले.

तूच रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आहेस, तेव्हा तूच सांग. एस.टी.त कुणाचं पाकीट गेलं तर ड्रायव्हर गाडी सरळ चौकीत नेऊन उभी करतो. मग रेल्वेचेच एवढे लाड का? उद्या पिठाच्या गिरणीला वेगळे पोलीस मागतील. मला पोरीसाठी साधा, अख्खा पोलीस हवा, ज्याला बघून तलाठी खुर्चीतून उठेल.

मुलांना आशीर्वाद. राग मानू नकोस, पण स्थळ मात्र बदल.

तुझा,
नरहरी

रेल्वे वसाहत
२० नोव्हेंबर २००१

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

एस.टी. चौकीत नेता येते, कारण तिला वळवता येतं. आगगाडी वळत नाही, म्हणून आम्ही चौकीच फलाटावर आणली. चोर एका जिल्ह्यात हात मारतो, प्रवाशाला जाग दुसऱ्यात येते आणि तो रडायला तिसऱ्यात उतरतो. साध्या ठाण्यात गेला, तर पाकीट कुठल्या गावच्या शिवारात असताना गेलं ते आधी सांगा म्हणतील. झोपलेल्या माणसाने शिवार कसं ओळखावं?

आणखी एक सांगून टाकतो, नाहीतर मागाहून फसवलं म्हणाल. आमच्याकडे पोलीस दोन जातींचे. डब्यातला पंखा चोरीला गेला तर रेल्वेचं सुरक्षा दल धावतं. पंख्याखाली झोपलेल्या माणसाची पिशवी गेली तर लोहमार्ग पोलीस. पंखा आणि पिशवी एकाच चोराने नेली तर आधी कुणी धावायचं, यावर आमच्या कँटीनमध्ये मी नोकरीला लागल्यापासून वाद चालू आहे. आपला दयानंद माणसांकडचा. मुलगा निर्व्यसनी आहे, सरळ आहे. खरं म्हणजे जरा जास्तच सरळ आहे. फोटो सोबत ठेवला आहे.

एकदा येऊन पाहा तरी. येताना नवा आंबेमोहोर आणा, इथला तांदूळ शिजला तरी कुणाला पत्ता लागत नाही. लोभ आहे, तो फोटो पाहूनही कमी होऊ देऊ नये.

आपला,
भिवाजी

मुठा
६ डिसेंबर २००१

चि. भिवाजीस,
आशीर्वाद.

मी आलो होतो. तुझ्या घराकडे न फिरकता पुढच्या गाडीने माघारी आलो, आणि का ते ऐक.

गाडी तुमच्या जंक्शनात शिरत होती. तांदळाची गोणी दाराशी ठेवून मी धोतर सावरत होतो. तेवढ्यात एका दांडगटाने गोणी बाहेर लोटली आणि तिच्यामागे स्वतः उडी मारली. गाडी थांबताच मी रूळ ओलांडून मागे धावलो. गोणी तारेच्या कुंपणावर पडून फाटली होती. अर्धा तांदूळ रेल्वेत आणि अर्धा पलीकडच्या उसात.

सुरक्षा दलाचा जवान धावत आला. वाटलं, मदतीला आला. त्याने रूळ ओलांडला म्हणून माझंच मनगट धरलं! वर समजावलं की गोणी पार्सलात असती तर त्याने बघितली असती, हातातली म्हणजे ती लोहमार्गवाल्यांची. मग सायकलवरून गावच्या ठाण्याचा हवालदार आला. त्याने कुंपणापलीकडे वाकून पाहिलं. आमच्या हद्दीत निम्म्याहून कमीच हाय, असं म्हणून तो सायकलवर बसून गेला. तेवढ्यात कुणाच्या तरी कोंबड्या आल्या आणि त्यांनी दोन्ही हद्दींतला तांदूळ टिपायला सुरुवात केली.

आणि तुझा दयानंद? फोटोवरून मी त्याला ओळखलं, हाका मारल्या. जवानाच्या तावडीत सापडलेल्या मला त्याने एकदा पाहिलं आणि कुंपणावरून उडी टाकून तो उसात दिसेनासा झाला. सासरा अटकेत आणि जावई फरारी! दंड भरून सुटलो तो थेट माघारीच्या गाडीत बसलो. त्यांना आजच नकार कळव.

नरहरी

रेल्वे वसाहत
१५ डिसेंबर २००१

ती. आप्पांस,
शि. सा. न.

नकार मी कळवलेला नाही. दयानंद पळाला नव्हता, चोरामागे गेला होता. ऊस, ओढा आणि पुढे नांगरलेलं रान तुडवून त्याने त्या दांडगटाला एका विहिरीवर धरलं. वर्षभर आमच्या प्रवाशांना रडवणारा चोर तो हाच.

त्याला घेऊन आला तर गावचं ठाणं म्हणालं, धरला आमच्या हद्दीत, आमच्याकडे द्या. लोहमार्गवाले म्हणाले, चोरी आमच्या गाडीत, आम्ही देणार नाही. शेवटी चोरच कंटाळला आणि कुठंही बसवा पण चहा पाजा म्हणाला. दयानंदला मात्र, ठाण्याला न कळवता हद्द सोडली म्हणून मेमो मिळाला आहे. जानेवारीत चौकशी आहे. उलटली तर बडतर्फी. चांगल्या मुलाची नोकरी जाईल, आप्पा.

ज्याची सत्ता फलाटाबरोबर संपते म्हणून तुम्ही हसलात, तो तुमच्या तांदळासाठी फलाट सोडून गेला. यातलं काही तुम्हाला कळवू नका असं त्याने मला बजावलं होतं. फक्त तुम्हाला कुठे लागलं तर नाही ना, एवढं विचारलं. मला तुमची लाज वाटली. धाकट्या भावाने हे लिहू नये, पण लिहितो. साक्षीला या.

भिवाजी

मुठा
२९ जानेवारी २००२

ती. भिवाजीकाकांस,
शारदेचा सा. न. वि. वि.

चौकशीच्या दिवशी तुम्ही बाहेर बाकावर होतात. आप्पांना कमी ऐकू येतं असं खोटंच सांगून मी आत शिरले होते. तिथे काय झालं ते आप्पा तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

साहेबांनी विचारलं की चोर धरला तेव्हा तो रेल्वेच्या हद्दीत होता की बाहेर. मग कुंपणाचा नकाशा काढला. आप्पांचा पारा चढला. लेकरानं चोर धरला, आन् तुमी त्याला कुंपनाचा हिसाब इचारताय व्हय, असं ते टेबलावर हात आपटून म्हणाले. साहेब शांतपणे म्हणाले की एका शिपायाचा एवढा पुळका का, तो तुमचा कोण लागतो? आप्पा ओरडले, जावई हाय माझा!

दयानंद सावधान स्थितीत उभे होते, ते कानापर्यंत लाल झाले. मला आप्पांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. कारकुनाने तेवढ्यात सगळं टिपून घेतलं.

चोराकडून बऱ्याच चोऱ्या उघड झाल्या म्हणून पहिला मेमो ताकीद देऊन मिटला. पण आता दुसरा आला आहे. नातेवाइकाच्या प्रकरणात वरिष्ठांना न सांगता हात का घातला, आणि सदर सोयरीक कोणत्या तारखेस जमली, याचा लेखी खुलासा हवा. तारीख कोणती लिहू, असं दयानंदांनी आप्पांना पत्राने विचारलं आहे. आप्पा कालपासून पंचांग घेऊन बसलेत. पारावर मात्र छाती काढून सांगतात की रेल्वेला वेगळे पोलीस हवेतच. फक्त कोण कुणापासून वेगळा, हे ठरवायला आणखी एक पोलीस नेमायला हवा.

काकूंना नमस्कार. तुमची माया माझ्यावर आहेच, सासरी गेल्यावरही ती तशीच पोचती करत जा.

तुमची,
शारदा

ता. क. माझी सोयरीक सरकारला लेखी कळली आणि गावाला पारावर कळली. मला अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलंच, तर माझं उत्तर हो आहे. ते आधी त्यांना सांगा. आप्पांना सावकाश कळलं तरी चालेल.