गुंजनची जागा

राळेगाव,
फेब्रुवारी २००७

प्रिय गुंजन,

तुझा पत्ता तुझ्या आईला मागितला. फोन केला की तुझ्या सासूबाई उचलतात आणि तू कामात आहेस म्हणतात. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा धीर झाला नाही. म्हणून लिहायला बसले. फुलसावंगी कशी आहे? पाणी भरायला लांब जावं लागतं का? जेवतेस ना नीट? तुझी आई म्हणाली, "बारीक झाली, पण रमली." त्यातलं पहिलं मी खरं धरलं.

आपल्या फुटबॉलच्या फायनलचं तुला कुणी सांगितलंय की नाही, ठाऊक नाही. मी सगळं सांगते. यंदाचा सीझन आठवला की मला आधी कापसाच्या बंड्याच आठवतात. खरेदी अडली होती आणि बैलबंड्यांची रांग कॉलेजच्या मैदानाला येऊन टेकली होती. आपण रोज संध्याकाळी उरलेल्या अर्ध्या मैदानात खेळायचो. बॉल बंडीखाली गेला की बंडीवरचे फुलचंदकाका बैल हाकायच्या तुतारीने बाहेर ढकलायचे अन् ओरडायचे, "पोरीहो, कापसाले भाव नाही, तुमी तरी जिंका!" वेचणी लागली तशा पोरी गळत गेल्या. कौसल्या आईसोबत मजुरीला गेली, आणखी दोघींचे बाप घर बंद करून पोरींसकट हैदराबादकडे कामाला निघाले. मी स्वतः सकाळी वेचून यायचे. बोंडांच्या टोकांनी बोटं सोललेली असायची, गोलमध्ये उभी असताना तुझा शॉट हातावर बसला की डोळ्यांत पाणी यायचं. तू म्हणायचीस, "ममते, रडू नको वं, गोल तर वाचला ना!"

सेमीफायनलचा दिवस तर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू बसमध्ये शेवटी चढलीस, दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले. ड्रेस बदलताना मेंदी दिसली. पाऊस पडून तुमचा कापूस काळा झाला, चुलत बहिणीचा मांडव पडणारच होता, त्यातच तुझंही उरकायचं ठरलं होतं. तू आपल्या कोच विमलताईंना एवढंच म्हणालीस, "ताई, आज खेळू द्या. परवा हळद आहे." ताई खाली बसल्या आणि तुझ्या बुटाची नाडी स्वतः बांधू लागल्या. किती वेळ बांधत होत्या! त्या दिवशी तू दोन गोल मारलेस. जिंकल्यावर आम्ही नाचत होतो आणि तू मैदानाच्या मधोमध एकटी उभी होतीस. मी बोलवायला आले तर म्हणालीस, "थांब, पाहून घेऊ दे."

फायनल तुझ्या लग्नाच्याच दिवशी आली. अमरावतीला आम्ही दहाच जणी उतरलो, अकरावी मिळालीच नाही. तिकडे तुझ्या डोक्यावर अक्षता पडत असतील, इकडे आम्ही जीव तोडून धावत होतो. शेवटच्या मिनिटापर्यंत एकही गोल होऊ दिला नाही, गुंजन. मग एक बॉल माझ्या हातात आला. वर पाहिलं नाही, विचार केला नाही, नेहमीसारखी डावीकडे लांब किक मारली. तिथे तू असतेसच ना. तिथे कुणी नव्हतं. त्यांच्या पोरीनं तो उचलला, मधे एक पास दिला, आणि मी जागेवर परत येईपर्यंत जाळी हलली होती.

मी गुडघ्यांवर बसून राहिले.  विमलताई आत आल्या, माझं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "बॉल बरोबरच गेला माय. पोरगी जागेवर नव्हती." मग त्याच रडायला लागल्या. येताना बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत.

ताईंचं काम कॉलेजने या महिन्यात थांबवलं. पुढच्या वर्षी मुलींची टीम नाही. बंड्या गेल्या, मैदान रिकामं आहे, मी एकदा जाऊन आले. परत जाणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. विद्यापीठाच्या टीममध्ये माझी निवड झाली होती. बाबांनी पेढेही आणले. त्याच आठवड्यात ढाणकीचं स्थळ आलं. मुलगा बरा आहे, दुकान आहे, काही मागत नाहीत. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ममता, माय, यंदा जमते. पुढच्या साली माह्या हातून होईन का, मले सांगता येत नाही." रागावले असते तर मी भांडले असते. ते रागावलेच नाहीत. आज सकाळी मी हो म्हटलं. विद्यापीठाचा कॅम्प सोमवारी सुरू होतोय. घरात सगळे म्हणताहेत, नशीबवान आहे पोरगी, मैत्रीण तिकडेच जवळ दिलेली. मीही हसले. पण गुंजन, तू माझ्याआधी गेलीस, तुलाच ठाऊक असेल. संध्याकाळी ऊन उतरलं, सगळ्यांचा चहा झाला, भांडी घासून झाली, की मग पायांचं काय करायचं असतं? एवढंच मला लिहून कळव. हळदीच्या आत कळव.

तुझीच,
ममता